कुटुंबाचे स्वावलंबन आणि कर्मचाऱ्यांचे संयुक्त प्रशिक्षण



ग्रामीण भागातील एखाद्या गरीब कुटुंबाच्या दाराशी वर्षभरात किती शासकीय यंत्रणांची पावले पडतात, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. अंगणवाडी सेविका बालकाचे वजन घेण्यास येते. आशा कार्यकर्ती गरोदर मातेची विचारपूस करून जाते. शिक्षक पटनोंदणीसाठी येतात. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही ग्रामसेवकच, घरकुलाच्या यादीसाठी आणि घरपट्टीसाठी येतात. बचतगटाची सहयोगिनी हप्त्याची आठवण करून देते. ग्रामरोजगार सेवक मजुरांची नावे लिहून घेतो, तर तलाठी पीकपाहणीच्या वेळी भेटतो. एवढ्या सगळ्यांच्या नोंदवह्यांत त्या कुटुंबाचे नाव असते. परंतु ते कुटुंब संपूर्ण असे कोणत्याच वहीत सापडत नाही.

यांपैकी प्रत्येकाने आपापल्या खात्याचे प्रशिक्षण घेतलेले असते आणि बहुतेक जण आपले काम मनापासून करतात. तेव्हा दोष व्यक्तींचा नाही. प्रत्येकाला स्वतःचा तक्ता भरण्यास शिकविले गेले, शेजारच्याच्या तक्त्यात काय लिहिलेले असते हे पाहण्यास मात्र कोणी शिकविले नाही. कुटुंबाचे जीवन असे खातेनिहाय विभागलेले नसते. मुलाचे वजन, आईचे दुखणे, बापाच्या अंगावरील उचल, थोरल्या मुलीची शाळा आणि शिधापत्रिका ही एकाच घरातील एकमेकांत गुंतलेली सूत्रे आहेत. एक ओढले की दुसरे ताणले जाते. म्हणून कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे ज्यांना वाटते त्या सर्व यंत्रणांच्या कर्मचाऱ्यांनी काही दिवस तरी एकत्र बसून शिकले पाहिजे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कागदावरील कुटुंब

ही जाणीव अगदी नवी आहे असे नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ग्रामसेवकाची कल्पनाच मुळी बहुउद्देशीय कार्यकर्ता अशी होती. शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार या सर्वांचा गावातील तोच एक प्रतिनिधी. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्य करू लागल्या. कामे वाढली, तशी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र माणसे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रे हे ओघानेच आले. १९७५ साली २४ फेब्रुवारीस महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. या वाढीतून पुष्कळ चांगले घडले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र गावातील त्या एका माणसाजवळ जे समग्र चित्र असावयाचे, ते वाटले जाता जाता हरवले.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९७८-७९ मध्ये निवडक विकासगटांत सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकासगटांना लागू झाला. प्रत्येक विकासगटात वर्षाला ६०० कुटुंबांना साहाय्य देण्याचे उद्दिष्ट होते. कुटुंब हाच घटक धरलेला होता, हे त्याचे वैशिष्ट्य. व्यवहारात मात्र कुटुंबाच्या वाट्याला एक वस्तू येई : म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र किंवा बैलगाडी. कर्जाची मंजुरी बँकेत, अनुदान जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे, जनावराचा दाखला पशुवैद्यकाकडे, दूध घेणार सहकारी संस्था. म्हैस दारात बांधली गेली की उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद होई. चैत्र-वैशाखात तिला वैरण कोठून आणावयाची, ती भाकड झाल्यावर हप्ता कशातून फेडावयाचा, हे प्रश्न कोणाच्याच तक्त्यात नव्हते. ग्रामीण युवकांच्या प्रशिक्षणाची १९७९ ची ट्रायसेम योजना आणि स्त्रिया व बालकांसाठीची १९८२-८३ ची द्वाक्रा योजना याच कार्यक्रमाच्या जोडीला आल्या. पुढे १ एप्रिल १९९९ रोजी या साऱ्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाल्या, आणि २०११ पासून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले, ज्यास महाराष्ट्रात 'उमेद' या नावाने सर्व जण ओळखतात. योजना एकत्र करता आल्या. त्या राबविणाऱ्यांच्या सवयी एकत्र करणे अधिक अवघड ठरले.

राजस्थानात २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या अंत्योदय कार्यक्रमाने ग्रामसभेच्या साक्षीने प्रत्येक गावातील पाच सर्वांत गरीब कुटुंबे निवडण्याची पद्धत घातली होती. संख्या लहान असली की कर्मचाऱ्याला कुटुंबाचा चेहरा दिसतो, एवढा धडा तरी तेथून घेण्यासारखा आहे. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी चालविलेल्या कार्यक्रमातही हेच सूत्र आहे. उत्पादक साधन, काही महिन्यांचा उदरनिर्वाह, कौशल्य, बचत, आरोग्याची काळजी आणि या सर्वांना जोडणारा, नियमाने घरी येणारा एक कार्यकर्ता. भारतासह सहा देशांत या पद्धतीची पारख करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. साहाय्य थांबल्यावर वर्षभरानेही एकंदरीत कुटुंबांची स्थिती सुधारलेली आढळली. बिहारने २०१८ मध्ये सतत जीविकोपार्जन योजनेत ही पद्धत स्वीकारली. तिच्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग घरी येणारा तो कार्यकर्ता हाच होय.

उचलीपासून सुरू होणारे वर्ष

हा विषय हवेत राहू नये म्हणून महाराष्ट्रातील एक उदाहरण विस्ताराने घेणे इष्ट होईल. बीड जिल्ह्यातून आणि त्याच्या आसपासच्या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम या कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती 'उचल'. हंगामभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ती फेडावयाची.

समजा, अशा एका घरात दोन एकर कोरडवाहू जमीन, नवरा-बायको, म्हातारी आई आणि तीन मुले आहेत. थोरली मुलगी आठवीत, मधला मुलगा तिसरीत, धाकटे अंगणवाडीच्या वयाचे. या घराचे वर्ष शासकीय वर्षाप्रमाणे एप्रिलमध्ये सुरू होत नाही. ते पावसाळ्यात सुरू होते. पेरणीला बी-खत हवे, कणगीतले धान्य सरत आलेले, कोणाचे तरी दुखणे निघालेले. अशा वेळी मुकादमाची उचल हाताशी असते. ती घेतली की पुढचे सहा महिने बांधले गेले. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि गाळप संपल्यावर, गुढीपाडव्याच्या मागेपुढे, परतते.

आता कर्मचाऱ्यांच्या कामाकडे पाहावे. बचतगटाला बँकेचे कर्ज मंजूर होते ते पुष्कळदा हिवाळ्यात, म्हणजे घर फडावर गेल्यानंतर. रोजगार हमीची कामे जोमाने निघतात ती उन्हाळा जवळ आल्यावर. ही योजना याच राज्याने देशाला दिली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९७२ पासून तिने आकार घेतला आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. परंतु श्रावण-भाद्रपदात गावात काम नसेल, तर त्या दिवसांत उचल घेतलेल्या माणसाला माघ महिन्यातील कामाचा उपयोग नाही. अंगणवाडीतील धाकट्याचे वजन आश्विनात ठीक असते आणि चैत्रात घटलेले दिसते. मधल्या काळातील रकान्यात 'स्थलांतरित' एवढाच शेरा पडतो. मधल्याचे नाव पटावर राहते, मूल कोपीत. प्रत्येक नोंद खरी असते. एकत्र वाचली तरच तिचा अर्थ लागतो, आणि ती एकत्र वाचण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही.

स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न तर या तुकड्या-तुकड्यांच्या दृष्टीने वर्षानुवर्षे झाकलेलाच राहिला. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. ही केवळ रुग्णालयांची गोष्ट नव्हे. फडावर एक दिवस रजा झाली तर खाड्याचा दंड बसतो. न्हाणीघर नाही, शौचालय नाही. पहाटेच्या अंधारात काम सुरू होते. लहान वयात लग्न आणि लागोपाठ बाळंतपणे झालेली असतात. आणि उचल फिटेपर्यंत दुखणे अंगावर काढावे लागते. यातील एकेक गोष्ट एकेका खात्याला ठाऊक होती. सारी साखळी एकाच ठिकाणी मांडली गेली असती, तर ती कितीतरी आधी दृष्टीस पडली असती.

थोरल्या मुलीचे उदाहरण याहून निकडीचे आहे. म्हातारी आजी घरी, आईबाप फडावर, मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. तिला मागे ठेवावे तर घोर, सोबत न्यावे तर शाळा बुडते. लग्न लावून दिले तर जबाबदारीही सुटते आणि नवा कोयताही तयार होतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये गावपातळीवर ग्रामसेवक हे प्रतिबंध अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या सहायक आहेत. प्रत्यक्षात धोक्याची पहिली खूण दिसते ती शिक्षकाला, कारण मुलगी वर्गातून गळू लागते. दुसरी दिसते आशा कार्यकर्तीला, कारण घरातील कुजबुज तिच्या कानी येते. उपाय मात्र तिसऱ्याच खात्याकडे असतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सामाजिक न्याय विभागामार्फत २०२१ साली मंजूर झाली असून ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे उभारण्याचा तो निर्णय आहे. शाळांमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहेही आहेत. शिक्षकाला खूण दिसली, आशाने ती ओळखली, ग्रामसेवकाला कायदा ठाऊक आहे आणि वसतिगृहाच्या गृहपालाकडे जागा आहे. हे चौघे एकमेकांना नावाने ओळखत नसतील, तर ती मुलगी त्यांच्या मधूनच निघून जाते.

एकत्र शिकण्याची रीत

संयुक्त प्रशिक्षण म्हणजे एका सभागृहात सर्व खात्यांच्या लोकांना बसवून प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या योजनेची माहिती सांगणे, अशी एक समजूत रूढ आहे. सकाळी उद्घाटन, मग आठ व्याख्याने, शेवटी आभार आणि चहा. अशा वर्गातून माणसे आपापली वही घेऊन परत जातात. वास्तविक योजनांची माहिती पुस्तिकेतूनही मिळू शकते. तिच्यासाठी तीस माणसांना तालुक्याला बोलावण्याचे कारण नाही.

अभ्यासक्रम योजनांचा नसावा, कुटुंबाचा असावा. एका गावातील किंवा एका केंद्रातील सर्व यंत्रणांच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांचा एक गट करावा. सेविका, आशा, आरोग्यसेविका, शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, रोजगार सेवक, बचतगटाच्या कार्यकर्त्या, रास्त भाव दुकानदार आणि पंचायतीचे दोन सदस्य, त्यांपैकी एक तरी स्त्री. बँकेच्या शाखेतील माणूस हवाच. तो येत नाही, ही नेहमीची तक्रार. तेव्हा वर्गाचा दिवस अग्रणी बँकेशी बोलून आधी ठरवावा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकाच कुटुंबाविषयी आपल्याजवळ काय नोंद आहे ते सांगावे. नोंदी न जुळणे हाच त्या दिवसाचा मुख्य धडा ठरतो. एकाच्या वहीत माणसे सहा, दुसऱ्याच्या वहीत चार. शिधापत्रिकेवर धाकट्याचे नाव नाही. बाईचे आधारावरील नाव माहेरचे, बँकेतील सासरचे, म्हणून मातृवंदनेची रक्कम अडकलेली. हे दोष एकेकट्याने शोधावयाचे झाल्यास महिने जातात. सारे एका चटईवर बसले की दुपारपर्यंत निघतात.

दुसऱ्या दिवशी कुटुंबाच्या घरी जावे, पण सर्वांनी मिळून मोर्चा नेल्यासारखे नव्हे. दोघांनीच जावे, आणि तक्ता न काढता ऐकावे. घर कोणत्या महिन्यात अडते, तेव्हा कोणाकडे हात पसरावा लागतो, उचल किती घेतली, ती कशासाठी खर्च झाली, ऊसतोडीला जाऊ नये असे वाटत असेल तर गावात वर्षभर टिकण्यास नेमके काय लागेल, हे त्या बाईला विचारावे. तिचे उत्तर बहुधा कोणत्याही एका योजनेत बसत नाही. ती म्हणेल, शेळ्या ठेवू, पण आषाढात दाणे हवेत. म्हणजे शेळ्यांचे कर्ज उमेदकडून, गोठा रोजगार हमीतून, लसीकरण पशुसखीकडून, आषाढातील आधार बचतगटाच्या किंवा ग्रामसंघाच्या निधीतून आणि म्हातारीचे निवृत्तिवेतन तहसील कार्यालयाकडून. पाचही गोष्टी आज उपलब्ध आहेत. त्या एकाच पावसाळ्यात, उचल घेण्याच्या दिवसांपूर्वी, एकाच घरी पोहोचणे ही खरी अडचण आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी त्या घराचे बारा महिन्यांचे वेळापत्रक सर्वांनी मिळून लिहावे आणि दोरा कोणाच्या हाती राहील त्या एका कर्मचाऱ्याचे नाव त्यावर घालावे. तो कोणत्या खात्याचा असावा याचा वाद घालू नये. ज्याचे त्या घरी जाणेयेणे आहे आणि ज्याला ते घर मानते, तो.

प्रशिक्षणाचा काळही याच हिशेबाने ठरवावा लागेल. मार्चअखेर निधी खर्ची घालण्यासाठी घेतलेला वर्ग या कुटुंबांना उपयोगाचा नाही. तो ज्येष्ठ-आषाढात व्हावा.

आणि तो केवळ गावाकडच्या लोकांचा असू नये. टोळी ज्या कारखान्याच्या परिसरात उतरते, तेथील सेविका, आरोग्यसेविका, शिक्षक आणि कारखान्याचा शेतकी विभाग यांनाही एक दिवस त्याच वर्गात आणले पाहिजे. एका शिधापत्रिकेवर देशात कोठेही धान्य घेता येते, शिक्षण हमी कार्डावर मुलाला तेथील शाळेत बसविता येते, पोषण ट्रॅकरवर लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे देता येते. सोयी आहेत, परंतु निघणाऱ्याला त्या कोणी समजावून दिलेल्या नसतात आणि पोहोचलेल्याला कोणी विचारीत नाही. बीडच्या सेविकेजवळ सांगली-कोल्हापूरकडील सेविकेचा दूरध्वनी क्रमांक असला, तर गरोदर बाईची तपासणी चुकत नाही. एवढे साधे काम परिपत्रकाने होत नाही. दोघींनी एकदा एकत्र जेवलेले असावे लागते. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासारखी यंत्रणा अशा दोन टोकांच्या वर्गासाठी पुढाकार घेऊ शकेल.

दोन अडचणी स्पष्टपणे बोलल्या पाहिजेत. पहिली वरिष्ठांची. शिकून आलेली सेविका शिधापत्रिकेतील नावाची चूक घेऊन तहसीलमध्ये गेली आणि तेथे तिला 'हे तुमचे काम नव्हे' असे ऐकावे लागले, तर पुढल्या वेळी ती जाणार नाही. गटविकास अधिकारी, तहसीलदार, बालविकास प्रकल्प अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी निदान अर्धा दिवस त्याच चटईवर, भाषण न करता, बसावे. दर महिन्याच्या आढाव्यात योजनानिहाय आकड्यांबरोबर दहा कुटुंबांची वेळापत्रकेही मागवावीत. आढाव्यात जे विचारले जाते तेच काम होते, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

दुसरी अडचण मर्यादेची. एका घराची सारी माहिती एका ठिकाणी आली की ती पसरण्याचा धोका असतो. कोणाची उचल किती, कोणती बाई कोणत्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेली, ही चावडीवर बोलण्याची गोष्ट नव्हे. पंचायत सदस्यांसमोर नोंदी वाचताना नाव सांगू नये. आरोग्याची नोंद आरोग्य कर्मचाऱ्यापाशीच राहावी आणि बाकीच्यांना फक्त काय करावयाचे तेवढे कळावे. कुटुंबाची संमती घेतल्यावाचून त्याचे वेळापत्रक करू नये. गरिबालाही अब्रू असते, आणि ती गेल्याचे दुःख अनुदानाने भरून निघत नाही.

खर्चाची बाब लहान दिसते, पण वर्ग तिच्यापाशीच अडतो. प्रत्येक खात्याचा प्रशिक्षणाचा निधी वेगळ्या लेखाशीर्षाखाली असतो आणि दुसऱ्या खात्याच्या माणसाला त्यातून प्रवासभत्ता देता येत नाही, असे उत्तर मिळते. प्रत्येक खात्याने आपल्या माणसांचा भत्ता द्यावा आणि जागा व जेवणाची व्यवस्था पंचायत समितीने करावी, ही तडजोड जिल्हा परिषदेच्या पातळीवर ठरविता येण्यासारखी आहे. आशा कार्यकर्तीचा विचार यात आधी व्हावा. तिचा बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. तीन दिवस वर्गात बसल्याने तिची मिळकत बुडत असेल, तर ती मनाने त्या वर्गात नसेल.

वर्ग तीन दिवसांनी संपला असे मानू नये. टोळ्या परतल्यावर, चैत्रात, त्याच माणसांनी त्याच गावी पुन्हा एक दिवस बसावे आणि प्रत्येक वेळापत्रक पुन्हा उघडावे. धाकट्याचे वजन, मधल्याची हजेरी, थोरलीचे वसतिगृह, शेळ्यांची संख्या, बाईची तपासणी हे सारे त्यात यावेच. पण पहिला रकाना उचलीचा असावा : किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली आणि पुढच्या हंगामासाठी मुकादमाचा निरोप आला तेव्हा घराने काय उत्तर दिले.